फ्लॅटमध्ये सराव आणि छोटे कार्यक्रम, दोन्हीला चालेल असा सॉलिड-स्टेट गिटार अँप कोणता घ्यावा? (कोल्हापूर)

सहातारी_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. गिटारसाठी सॉलिड-स्टेट म्हणजे ट्रान्झिस्टरचा अँप घ्यायचाय, ट्यूबचा नको. बजेट २५ हजार, फारच आवडला तर दोन-तीन हजार वर.

वापर असा: रोज संध्याकाळी फ्लॅटमध्ये तासभर सराव, भिंतीपलीकडे शेजारी. महिन्यातून एखादा कॅफेतला कार्यक्रम, तीस-चाळीस माणसं. वर्षातून तीन-चारदा गॅदरिंग किंवा गणपतीत मंडळाच्या स्टेजवर ऑर्केस्ट्राबरोबर. तिथं ड्रम, कीबोर्ड, ढोलकी सगळं असतं आणि साउंडवालाही असतो.

गिटारला तीन सिंगल-कॉइल पिकअप (तारांची थरथर टिपणारी, एकेका गुंडाळीची) आहेत. पेडल दोनच, एक ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं) आणि एक डिले (प्रतिध्वनी देणारं). जास्त करून क्लीन (स्वच्छ, न फाटलेला आवाज) आणि हलकं क्रंच (किंचित फाटलेला), मेटल नाही. अँप न्यायचा रिक्षातून, नाहीतर मित्राच्या गाडीवर मागं धरून.

डोळ्यासमोर चार आहेत. फेंडर फ्रंटमन २०जी (२० वॅट, ८ इंची). ऑरेंज क्रश ३५आरटी (३५ वॅट, १० इंची). बॉस कटाना ५० (५० वॅट, १२ इंची). चौथा एक जुना जपानी अँप, स्वस्तात मिळतोय, मागं १०० व्होल्ट लिहिलंय. विकणारा म्हणतो, कन्व्हर्टर लावला की झालं.

२० वॅट स्टेजला पुरतील का? ५० वॅट फ्लॅटमध्ये फार होतील का? आणि तो जपानी घेण्यात काही अर्थ आहे का?

पंचगंगा_टोन

भावा, आधी वॅटचं भूत उतरवूया. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, कानाला एवढंच कळतं की जरा वाढला. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. म्हणून २० आणि ४० वॅटमधला फरक कागदावर दिसतो तेवढा कानाला नसतो. खरा फरक पाडतो स्पीकर.

स्पीकरला १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल येतात, ती त्याची सेन्सिटिव्हिटी. साध्या ८ इंचीची ९२ च्या आसपास धर, बऱ्या १२ इंची गिटार स्पीकरची ९७. आता हिशोब बघ. ८ इंचीला २० वॅट दिले तर ९२ अधिक १३, म्हणजे १०५ डेसिबल. १२ इंचीला ५० वॅट दिले तर ९७ अधिक १७, म्हणजे ११४. फरक नऊ डेसिबलचा, आणि त्यातले वॅटचे फक्त चार, उरलेले पाच स्पीकरनं दिलेत. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. म्हणजे चार मीटरवर पहिला अँप ९३ ला येतो, दुसरा १०२ ला. जोरात वाजवणारा ड्रमर आरामात शंभरी गाठतो. फ्रंटमन तिथं दिसेल, ऐकू येणार नाही.

त्यातही हे आकडे पूर्ण ताकदीचे. ट्रान्झिस्टरचा पॉवर अँप मर्यादेपर्यंत स्वच्छ वाजतो आणि मर्यादा ओलांडली की एकदम कर्कश फाटतो. ट्यूबसारखा हळूहळू, गोड फाटत नाही. तुला क्लीन हवाय, म्हणजे अँप कायम मर्यादेच्या बराच खाली चालवायचा. तुझ्यासाठी जास्तीचे वॅट मोठ्या आवाजासाठी नाहीत, ती क्लीनसाठी ठेवलेली शिल्लक आहे.

फ्लॅटमध्ये ५० वॅट फार होतील ही भीती सोड. भिंतीपलीकडे त्रास न देता सराव करायचा तर एक मीटरवर ७५-८० डेसिबल बास. ९७ सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरला ८० डेसिबलसाठी लागतो वॅटचा पन्नासावा भाग! म्हणजे ५० वॅटचा अँप असो की १० चा, घरी दोन्ही नुसते कुजबुजतच असतात. प्रश्न असतो नॉबचा. काही अँपमध्ये नॉब शून्यावरून केसभर हलवला की आवाज उसळतो आणि हळू आवाज जमवणं जिकिरीचं होतं. म्हणून दुकानात अँप मोठा करून ऐकण्याआधी तो किती लहान होतो ते बघ. व्हॉल्यूम १ वर ठेवून वाजव. आवाज समान राहतो का, एखादी नोट गायब होते का, खरखर येते का. कटानाला असलेली एक सोय इथं कामाची आहे, ५० / २५ / अर्धा वॅट असा निवडायचा नॉब. अर्ध्या वॅटवर ठेवलं की मास्टर नॉबला फिरायला जागा मिळते.

निवासी भागात नियमानं दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे दहानंतर हेडफोनच.

अजून एक. हळू आवाजात माणसाच्या कानाला बेस आणि अतिउंच स्वर कमी ऐकू येतात, मधले जास्त. म्हणून घरी सगळे बेस ७ वर, मिड ३ वर ठेवून छान टोन लावतात आणि तोच सेटिंग स्टेजवर नेतात. तिथं बेस गिटार आणि किक ड्रम खालची जागा अडवून बसलेले असतात, झांजा वरची. गिटारला उरते मधली जागा, आणि तीच कापलेली. मग व्हॉल्यूम कितीही वाढवा, गिटार सापडत नाही. स्टेजसाठी सुरुवात बेस ४, मिड ७, ट्रेबल ५ पासून कर. एकट्यानं वाजवताना हा टोन नाकात बोलल्यासारखा वाटेल, बँडमध्ये बरोबर बसेल. दोन्ही सेटिंगचे फोटो काढून ठेव.

तर माझं मत: १२ इंची. कटाना ५० किंवा त्याच गटातला फेंडर चॅम्पियन २ ५०. उजवा कटाना, कारण वर सांगितलेला पॉवर नॉब. क्रश ३५आरटी उत्तम क्लीन देतो, कॅफेला भरपूर आहे. पण १० इंची असल्यानं ड्रमबरोबर त्याला साउंडवाल्याचा आधार लागेल.

ट्रान्झिस्टर म्हणजे दुय्यम असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. रोलंडचा जेसी-१२० हा सॉलिड-स्टेटच आहे, १९७५ चा, ६० वॅटचे दोन अँप आणि १२ इंची दोन स्पीकर. क्लीन टोनसाठी आजही जगभर मागून घेतात.

तारकशी

वरच्या उत्तराशी सहमत, पण जेसीचं नाव निघालंच आहे तर जेसी-२२ पण ऐकून या. ३० वॅट, साडेसहा इंची दोन स्पीकर, आणि कोरस (आवाज दाट करणारा इफेक्ट) खरा स्टीरिओ. बजेटबाहेर जाईल, पण क्लीनवाल्यानं एकदा कानाखालून घालावा. ड्रमबरोबर मात्र तोही माइक लावूनच.

आणि एक गोष्ट घेऊ नका: माइक, कीबोर्ड, गिटार तिन्ही लागतात असे जे मल्टिपर्पज अँप मिळतात ते. त्यात ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) असतो. गिटारच्या स्पीकरचा आवाज ५ किलोहर्ट्झनंतर आपोआप उतरतो, म्हणून ओव्हरड्राइव्ह कानाला गोल लागतो. ट्वीटरमधून तोच ओव्हरड्राइव्ह पत्रा घासल्यासारखा येतो.

फेज_न्यूट्रल_अर्थ

अँप कोणताही घ्या, पण मंडळाच्या स्टेजवर नेणार असाल तर विजेचं आधी समजून घ्या. अँप जळणं परवडतं, माणूस जाणं परवडत नाही. त्यामुळे जरा लांबड लावतो.

गिटारची तार ब्रिजला, ब्रिजची वायर जॅकच्या बाहेरच्या कड्याला, तिथून केबलच्या जाळीतून अँपच्या चॅसिसला (आतल्या धातूच्या सांगाड्याला), आणि चॅसिस तीन पिनच्या प्लगमधल्या वरच्या मोठ्या पिनला जोडलेलं. म्हणजे वाजवणाऱ्याची बोटं थेट अर्थिंगवर असतात. हे सुरक्षेसाठीच आहे. पण तो माणूस गाण्यासाठी माइकला ओठ लावतो आणि तो माइक ज्या मिक्सरचा, तो दुसऱ्या बोर्डावर, अर्थिंग नसलेल्या दोन पिनच्या एक्स्टेंशनवर असेल, तर माइकची जाळी आणि गिटारची तार यांच्यात व्होल्टेज उभं राहतं. ओठ ओले, बोटं घामानं ओली, वरून सप्टेंबरचा पाऊस आणि खाली ओली फळी.

एक साधा डिजिटल मल्टिमीटर गिटारच्या बॅगेत टाका. एसीच्या सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवून हे मोजा:

– बोर्डावर फेज-न्यूट्रल. २१५ ते २४५ च्या दरम्यान हवं. २५५-२६० दिसलं तर प्लग लावूच नका.
– फेज-अर्थ. वरच्याइतकंच हवं. शून्य किंवा तरंगता आकडा आला तर तिथं अर्थिंग नाही.
– न्यूट्रल-अर्थ. दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. दहा-वीस दिसलं तर वायरिंगमध्ये घोळ आहे.
– सगळं चालू झाल्यावर एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. एक-दोन व्होल्ट ठीक. ६०-१०० दिसलं तर कुठलं तरी यंत्र अर्थिंगशिवाय आहे, झिणझिण्या येतील. २०० च्या वर दिसलं तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा, त्याआधी कोणी काही हात लावायचा नाही.

उपाय एकच: मिक्सर, अँप, कीबोर्ड, पेडलचे अडॉप्टर सगळे एकाच बोर्डावरून, तीन पिनच्या चांगल्या एक्स्टेंशनवर. लाइटिंगचा बोर्ड वेगळा. शक्य असेल तिथं ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) मध्ये. माइकला स्पंजची टोपी घातल्यानं झिणझिणी जाणवत नाही, पण धोका तसाच राहतो.

पहिलं मोजमाप कार्यक्रम सुरू होण्याच्या जरा आधी पुन्हा करा. मंडपात तीन फेजचा जनरेटर असतो आणि त्याचा न्यूट्रल ढिला झाला तर ज्या फेजवर लोड कमी, तिथलं व्होल्टेज तीनशेच्याही वर चढतं. दुपारी साउंड चेकला २३० असतं, रात्री हॅलोजन आणि एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे) एकदम चालू झाले की ढिली जोडणी उघडी पडते. अँपचा ट्रान्सफॉर्मर, पेडलचे अडॉप्टर, कीबोर्ड, सगळं एका क्षणात जातं. न्यूट्रलचा बोल्ट आवळलाय ना, हे मंडपवाल्याला विचारायला लाजू नका.

हम (स्पीकरमधला सततचा 'घूं' आवाज) येतो म्हणून प्लगची अर्थ पिन कापणारे किंवा त्यावर टेप लावणारे भेटतील. तसलं काही करू देऊ नका.

आता त्या १०० व्होल्टच्या जपानी अँपबद्दल. 'कन्व्हर्टर' म्हणजे बाजारात सहज मिळणारा २३० ते ११० चा ट्रान्सफॉर्मर. १०० च्या अँपला ११० म्हणजे आधीच दहा टक्के जास्त. आपल्याकडं रात्री उशिरा लाइन २४५ ला गेली की तो ११७ देणार. आत फिल्टरचे कपॅसिटर ज्या व्होल्टेजचे बसवलेत त्याच्या काठावर चालणार आणि आयसी तापणार. शिवाय स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर ऑटो प्रकारचा, दोन पिनचा असतो. त्यात लाइनपासून विलगीकरण नसतं आणि अर्थ पुढं जातच नाही. घ्यायचाच असेल तर वेगळ्या गुंडाळ्यांचा, २३० ते १०० असा, २०० व्हीएचा, तीन पिनचा ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून करून घ्या. तो तीन-चार किलोचा होईल, अँपबरोबर रिक्षात घालावा लागेल, आणि एखाद्या दिवशी घाईत कोणीतरी प्लग सरळ २३० मध्ये घालेल. तुमच्या वापराला मी तो घेणार नाही.

जाता जाता: अँपच्या मागच्या प्लेटवर जो वॅटचा आकडा असतो तो वीज किती खातो याचा असतो. तो बघून '६० वॅटचा अँप' म्हणून विकतात. आवाजाचे वॅट माहितीपत्रकात आरएमएस म्हणून बघा. पीएमपीओ लिहिलेला आकडा (जाहिरातीसाठी फुगवलेला) वाचायचाच नाही.

सहातारी_राजारामपुरी

लई उपकार मंडळी. जपानी कटाप. फ्रंटमनही यादीतून काढला. आता कटाना ५० आणि क्रश ३५आरटी दोघंच.

पुढचा प्रश्न: शाहू स्मारकसारख्या हॉलमध्ये किंवा मंडळाच्या स्टेजवर साउंडवाल्याला सिग्नल कसा द्यायचा? हेडफोनच्या जॅकमधून थेट मिक्सरला वायर दिली तर चालतं का? आणि सिंगल-कॉइलचा हम स्टेजवर फार वाढतो, तो अँपचा दोष की गिटारचा?

मिक्सरमागून

हेडफोनच्या जॅकमधून देता येतं, पण तीन अडचणी समजून घे.

पहिली, पिन. हेडफोनचा जॅक स्टीरिओ असतो, पिनवर दोन काळ्या रेघा. गिटारची केबल मोनो, एक रेघ. मोनो पिन घातली की उजव्या बाजूचं आउटपुट थेट ग्राउंडला शॉर्ट होतं. काही अँप ते सहन करतात, काहींचा हेडफोनचा आयसी तापून जातो. त्यामुळे स्टीरिओ पिनची वायर करून घे आणि फक्त टोकाचा सिग्नल पुढं काढ. दोन रेघांच्या मधली कडी मोकळी सोडायची, ग्राउंडला जोडायची नाही.

दुसरी, बऱ्याच अँपमध्ये हेडफोनच्या जॅकमध्ये पिन गेली की समोरचा स्पीकर बंद होतो. साउंडवाल्याला आवाज मिळाला आणि वाजवणाऱ्याला काहीच नाही. मग मॉनिटर लागतो, आणि मंडळाच्या स्टेजवर गिटारवाल्यासाठी वेगळा मॉनिटर क्वचितच असतो. अँप घेताना दुकानात पिन घालून हे तपासच.

तिसरी, कॅब सिम्युलेशन. वर तारकशी यांनी ट्वीटरबद्दल लिहिलंय तेच इथंही. पीएच्या (लोकांसाठी लावलेल्या साउंडच्या) पेटीत ट्वीटर असतो. ज्या आउटपुटमध्ये गिटार स्पीकरची नक्कल केलेली नाही, त्यातून ओव्हरड्राइव्ह दिला तर माशी भुणभुणल्यासारखं वाजतं. क्रश ३५आरटीच्या हेडफोन आउटला ती सोय आहे, कटानाच्या रेकॉर्डिंग आउटलाही आहे.

लांब वायर असेल, म्हणजे पाच-सहा मीटरच्या पुढं, तर मध्ये पॅसिव्ह डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरच्या लांब वायरीला जुळवून देणारी छोटी डबी) घाल. अँपकडून डीआयला साधी केबल, डीआयपासून मिक्सरला एक्सएलआर (माइकची तीन पिनची केबल). डीआय साउंडवाल्याकडं असेल यावर विसंबू नकोस, स्वतःचा ठेव. अँप आणि मिक्सर दोन्ही अर्थला जोडलेले असल्यानं वायर लावताच 'घूं' असा आवाज सुरू झाला तर तो ग्राउंड लूप. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबायचं. प्लगच्या पिनला हात लावायचा नाही, हे वर आलंच आहे.

पण मला विचारशील तर स्टेजवर माइकच लाव. अँपचा स्पीकर तुला ऐकू येतो आणि माइक लोकांना ऐकवतो. एसएम५७ किंवा तसला कोणताही डायनॅमिक माइक, जाळीपासून एक-दोन इंचांवर, स्पीकरच्या मधल्या गोल टोपीच्या काठावर रोखून. मध्यावर रोखला तर टोचरा, बाहेरच्या कडेकडं सरकवला तर मऊ आणि अंधारा. इंच-दीड इंचाच्या सरकण्यात टोन बदलतो, म्हणून मिक्सरवर ट्रेबल कापण्याआधी माइक सरकवून बघ.

अँप फळीवर सपाट ठेवू नकोस. १२ इंची स्पीकर उंच स्वर सरळ झोतासारखे पुढं फेकतो. अँप खाली असेल तर ते तुझ्या पोटऱ्यांना लागतात आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानात घुसतात. तुला मंद वाटतं, तू ट्रेबल वाढवतोस, पुढच्या माणसाचे हाल. बाटल्यांचा रिकामा क्रेट किंवा खुर्ची घे, अँप मागं कलता ठेव, तोंड तुझ्या कानाकडं. पोकळ फळीवरून येणारा घुमाही त्यानं कमी होतो.

हमचं निदान असं कर, क्रमानं:

गिटारची केबल अँपमधून काढ. हम राहिला तर दोष अँपमध्ये, बहुधा फिल्टर कपॅसिटर. गेला तर केबल परत लाव आणि पेडल वगळून गिटार थेट जोड. आता गेला तर पेडलच्या अडॉप्टरचा घोळ: एका अडॉप्टरवर साखळीनं दोन पेडल लावली, त्यातला एक डिजिटल डिले, की चिरचिर येते. वेगळे अडॉप्टर दे, नाहीतर विलग आउटपुटचा पॉवर सप्लाय. थेट गिटारलाही हम असेल आणि तारेला हात लावल्यावर तो कमी होत असेल तर गिटारचं शिल्डिंग अपुरं आहे. कंट्रोलच्या खोबणीला आणि पिकगार्डच्या मागं तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडून घे. आणि उभ्या जागी वळल्यावर हम कमी-जास्त होत असेल तर तो सिंगल-कॉइल पिकअप शेजारचा ट्रान्सफॉर्मर किंवा डिमर पकडतोय. अँपपासून दीड-दोन मीटर लांब उभा राहा, जिथं कमी होतो तो कोन शोध. पिकअप सिलेक्टर दुसऱ्या किंवा चौथ्या जागेवर ठेवून बघ. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर त्या दोन जागी हम जवळजवळ जातो.

घरी इन्व्हर्टरवर वाजवताना भुणभुण येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. प्युअर साइन वेव्हवर येत नाही.

उद्यमनगर_सोल्डर

नवा घेताय तर प्रश्न नाही, पण या बजेटमध्ये वापरलेला कटाना किंवा पीव्ही बँडिटही हाताला लागू शकतो, तेव्हा दुरुस्तीच्या टेबलावरून काही सांगतो.

वापरलेला अँप बघायला जाताना स्वतःची गिटार, चांगली केबल, एक छोटी पॅच केबल आणि मल्टिमीटर न्या. आल्या आल्या चालू करू नका. फ्यूज काढून बघा. मागं लिहिलेल्या किमतीचाच आहे का? टी१ए लिहिलं असेल तर तो हळू उडणारा हवा. फ्यूजवर चंदेरी कागद किंवा तार गुंडाळलेली दिसली तर आत एकदा काहीतरी जळालंय आणि नीट दुरुस्त झालेलं नाही. तिथूनच परत फिरा.

चालू करताना मास्टर शून्यावर, नजर स्पीकरवर. कोन किंचित हलून जागेवर आला तर ठीक. पुढं किंवा मागं सरकून तिथंच थांबला आणि मोठा हम आला तर लगेच बंद करा. आउटपुट आयसी किंवा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन स्पीकरवर डीसी येतोय. सगळं ठीक वाटलं तरी मागचं झाकण उघडता आलं तर स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. अँप बंद करून स्पीकरची एक वायर सोडवून ओहम मोजा: ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो, ४ चा साडेतीनच्या आसपास. आठच्या जागी कोणी चारचा बसवला असेल तर आउटपुटवर दुप्पट करंट ओढला जातो. गार असताना छान वाजतो आणि अर्ध्या तासानं तापून बंद पडतो. ट्यूब अँपला स्पीकरशिवाय चालवलं तर जळतो, सॉलिड-स्टेटला तसं काही होत नाही. त्याला मारतो तो कमी ओहमचा लोड.

कोनच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून समान दाब द्या. कागद घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल तिरकी झालीय.

मग नॉब. फिरवताना नुसती खरखर असेल तर घाबरू नका. पावसाळ्यात चार महिने कपाटात पडून राहिलेल्या प्रत्येक अँपला ती येते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या (नॉबमागच्या डबीच्या) फटीत, वीस-तीस वेळा फिरवणं, बस्स. गंज काढायचा साधा स्प्रे यासाठी नाही, तो तेलकट थर सोडतो आणि धूळ धरतो. इनपुट जॅकमध्ये केबल घालून हलकेच हलवा. आवाज तुटत असेल तर जॅक बोर्डावरून सुटलाय. हा सगळ्यांत जास्त येणारा दोष, कारण जॅक थेट पीसीबीवर (सर्किटच्या बोर्डावर) सोल्डर केलेला असतो आणि केबलला पाय अडकला की झटका सोल्डरवर बसतो. दुरुस्ती सोपी आहे, किंमत पाडून मागा. अँप आपोआप बारीक-मोठा होत असेल आणि त्याला इफेक्ट लूप (पेडल मध्ये जोडायचे सेंड-रिटर्न जॅक) असेल, तर सेंड आणि रिटर्न पॅच केबलनं जोडा. आवाज स्थिर झाला तर रिटर्नच्या जॅकमधला स्विच काळा पडलाय, तोही क्लीनरनं सुटतो.

शेवटी वीस-पंचवीस मिनिटं मोठ्यानं वाजवा. विकणाऱ्याला घाई असली तरी. तापल्यावर निघणारे दोष पाच मिनिटांत दिसत नाहीत.

कटानासारखा डिजिटल अँप आणि साधा ॲनालॉग यात टेबलावर मोठा फरक आहे. ॲनालॉग मध्यम अँपमध्ये आउटपुटला बहुधा टीडीए७२९३ किंवा एलएम३८८६ जातीचा आयसी किंवा सुटे ट्रान्झिस्टर असतात. गावातला कोणताही चांगला कारागीर बदलतो. डिजिटलमध्ये प्रोसेसरचा बोर्ड गेला तर पूर्ण बोर्डच मागवावा लागतो. म्हणून डिजिटल घ्यायचा तर नवा आणि बिलासह. जुना घ्यायचा तर ॲनालॉग.

आणि तो आयसी कधी बदलून घ्याल तेव्हा कारागिराला दोन गोष्टी विचारा. टीडीए७२९३ च्या पाठीचा पत्रा उणे सप्लायला जोडलेला असतो. त्याच्या आणि हीटसिंकच्या मध्ये अभ्रकाचा तुकडा आणि पेस्ट हवीच, स्क्रूला प्लास्टिकचं बूच हवं. ते राहिलं तर चालू करताच शॉर्ट. दुसरं, पहिल्यांदा चालू करताना लाइनमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावला का? बल्ब एकदा पेटून मंद झाला तर काम बरोबर. तसाच लख्ख पेटत राहिला तर अजून शॉर्ट आहे, आणि नवा आयसी वाचला. बाजारात नकली आयसी पुष्कळ आहेत, दिसायला सारखेच, अर्ध्या ताकदीला फुटतात. त्यामुळे जुना काढलेला मागून घ्या आणि नव्यावरची छपाई त्याच्याशी ताडून बघा.

सहातारी_राजारामपुरी

कटाना ५०, नवा, बिलासह. ठरलं. मीटर आणि पॅसिव्ह डीआय याच आठवड्यात घेतो. डीआयसाठी स्टीरिओ पिनची वायर करताना टोक आणि ग्राउंड एवढंच जोडायचं ना, कडी मोकळी?

मिक्सरमागून

हो, टोक आणि बाहेरचं कडं. मधली कडी मोकळी, तिच्या लगला (सोल्डरच्या पट्टीला) श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आवळणारी नळी) चढव म्हणजे पिनच्या टोपणात कुठं टेकणार नाही. सोल्डर झाल्यावर लावायच्या आधी मीटर कंटिन्युइटीवर ठेवून टोक-ग्राउंड आणि कडी-ग्राउंड दोन्ही तपास, दोन्हीकडं बीप येता कामा नये. कटानावर पिन घातली की स्पीकर बंद होतो का ते घरीच बघून घे. होत असेल तर स्टेजला माइक, आणि डीआय फक्त जिथं माइकला जागाच नाही अशा कॅफेसाठी.